कोणाच्या हातची

“ह्या पिठाला विरी न्हाई,” रॉबिना म्हणाली. परातीतला गोळा तिनं बोटांनी उचलला आणि तो मधोमध तुटला. “शिळं हाय. कुठनं आनलंसा?”

“कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमधून.”

“मग आधन ठिवा. उकड काढल्याबिगर भाकरी न्हाई व्हायची.”

सकाळचे साडेनऊ वाजले होते. मुंबईतल्या त्या आंतरराष्ट्रीय पर्यटन प्रदर्शनाचे दरवाजे दहाला उघडणार होते. युगांडाच्या मंडपात गोरिलाचं दहा फुटी चित्र लावलेलं होतं. त्या चित्रामागच्या प्लायवूडच्या आडोशात एक टेबल, एक इंडक्शन शेगडी, एक लोखंडी तवा आणि ही पंचेचाळिशीची युगांडाची बाई. सांगलीकडच्या मराठीत ती मला पिठावरून झापत होती. मी मुकाट्यानं पाणी तापायला ठेवलं. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा; हा शब्द मी तोवर फक्त माझ्या आईच्या तोंडून ऐकला होता.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा तेहेतीस वर्षांचा होतो आणि अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत काम करत होतो. परदेशातली हॉटेलं आणि लॉज इथल्या सहल कंपन्यांच्या गळ्यात मारणं हा आमचा धंदा. त्या वर्षी जिंजा गावातल्या एका लॉजचं काम माझ्याकडे आलं. नाईल नदी सरोवरातून जिथे बाहेर पडते, ते हे गाव. खोल्या उत्तम, नदी अंगणात, मालक सज्जन. तरी वर्षभर मी एक माणूस तिकडे पाठवू शकलो नव्हतो. पुण्या-मुंबईच्या सहल कंपनीवाल्याला नाईल दाखवा, गोरिला दाखवा, धबधबे दाखवा, तो सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी विचारतो, “आणि जेवणाचं काय?”

एकदा स्काइपवर लॉजच्या मालकाशी याच विषयावर डोकं फोडत असताना त्याच्या मागून एक बाई चादरींचा ढीग घेऊन चालली होती. मध्येच माझा दुसरा फोन वाजला होता, त्यावरचं माझं मराठी बोलणं तिच्या कानावर गेलं असावं. ती थांबली, कॅमेऱ्यात वाकली आणि म्हणाली, “काय वो, जेवलासा का?”

मी खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिलो.

रॉबिना नाइगागा तिचं नाव. जवळच्या साखर कारखान्यात मगदूम नावाचे सांगलीकडचे एक चीफ इंजिनिअर होते, त्यांच्या घरी ती अकरा वर्षं कामाला होती. मगदूमकाकींनी तिला मराठी शिकवली नाही, ती तिला आपोआप आली. शिकवली ती भाकरी. हातावर थापून, पाण्याचा हात फिरवून, तव्यावर फुगवून. शिवाय भरली वांगी, झुणका, शेंगदाण्याची चटणी. ज्वारी तिकडेही पिकते आणि शेंगदाणा तर अफलातून. मगदूम निवृत्त होऊन सांगलीला परतले आणि रॉबिना ह्या लॉजच्या लाँड्रीत लागली. तिथे चादरी धुणाऱ्या बाईला भाकरी येते, याचं कोणाला काय कौतुक असणार?

कल्पना माझीच. मी मालकाच्या मागे लागलो, हिला प्रदर्शनाला पाठवा. इथल्या लोकांना नाईलकाठची भाकरी खाऊ घालू. मालक कबूल झाला आणि निघताना त्यानं रॉबिनाला सांगितलं, एखाद्या मोठ्या कंपनीची वर्षाची ऑर्डर आणलीस तर लॉजवर वेगळं भारतीय स्वयंपाकघर काढतो आणि ते तुझ्या ताब्यात देतो. नाही आणलीस, तर लाँड्री आहेच.

“लाँड्रीत काय वाईट न्हाई,” विमानतळावरून येताना ती मला म्हणाली होती. “पन सोडा हातांस्नी लागतो, दादा. सोडा लागून लागून ह्या हातांची भाकरी बिघडंल एक दिस.”

मी तिला सगळा बेत समजावून सांगितला. मी पाहुण्याला बसवीन, आधी फक्त भाकरी-चटणी खाऊ घालीन, लॉजचं अक्षरही काढणार नाही. तो खाऊन खूश झाला की मी टाळी वाजवीन. मग तू गोरिलाच्या मागून बाहेर यायचं आणि विचारायचं, “भाकरी गोड लागली का?” नाटकवाल्यांना जमणार नाही असा प्रवेश होता तो. मी तिच्याकडून तो दोनदा करूनही घेतला.

“आणि एक,” मी बजावलं. “पाहुण्यासमोर मी सांगेन तसंच. मध्येच काही बोलायचं नाही.”

“व्हय की,” ती म्हणाली.

पहिल्या दिवशी बाराच्या सुमाराला विद्याधर ओगले आले. पुण्यातली त्यांची सहल कंपनी ज्येष्ठ नागरिकांसाठी प्रसिद्ध होती. वर्षाला चाळीस-पन्नास सहली आणि प्रत्येक सहलीत तीस-पस्तीस आजी-आजोबा. सत्तरीचा माणूस, पांढरा सफारी, हातात कापडी पिशवी. त्यांनी होकार दिला की बाकीच्या कंपन्या मागोमाग येतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्यासाठी मी तीन महिने फोन केले होते.

“तुमचं आफ्रिकेचं पुराण नको हां,” बसता बसता ते म्हणाले. “सिंह मला माहीत आहेत.”

“सिंह नाहीत साहेब. आधी दोन घास खा.”

मी केळीच्या पानाचा तुकडा ठेवला, त्यावर गरम भाकरी, चटणीचा गोळा, कच्चा कांदा. ओगल्यांनी पहिला घास घेतला आणि चघळणं थांबवलं. मग दुसरा घास घेतला. भाकरीचा पापुद्रा वेगळा करून उजेडात धरून पाहिला. तिसऱ्या घासाला त्यांनी डोळे मिटले. मी टाळीसाठी हात वर आणलेसुद्धा.

तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले, रुमालानं तोंड पुसलं, माझ्याकडे जरा झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, “काय हो, ही भाकरी कोणाच्या हातची?”

माझे हात तसेच राहिले.

हा प्रश्न किती तऱ्हांनी विचारता येतो, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. पण मला तो एकाच तऱ्हेनं ऐकू येत आला आहे. झुकून, आवाज उतरवून, आजूबाजूला कोणी नाही ना ते बघून विचारलेला. आता हिला बाहेर बोलावलं तर ह्यांचा चेहरा कसा होईल, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. तीन महिन्यांचे फोन आठवले.

“दादरच्या नेनेकाकूंच्या,” मी म्हणालो.

नेनेकाकू नावाचं कोणी नव्हतं. ते नाव माझ्या तोंडात इतकं तयार कसं होतं, याचं मला आजही नवल वाटतं. नुसतं काकू म्हणून भागलं असतं. पण मी आडनावासकट काकू काढल्या, आणि आडनावही बघून काढलं.

“हं,” ओगले म्हणाले आणि मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी निवळलं. मला वाटलं, माणूस निश्चिंत झाला.

आडोशाच्या फटीतून त्यांना रॉबिनाचा चेहरा दिसला. ती माझ्या टाळीची वाट बघत अगदी कडेला उभी होती. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पीठ होतं, ते फक्त मला दिसत होतं.

“अँड यू, मॅडम?” ओगले हसून म्हणाले. “यू आर फ्रॉम द लॉज?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हात ॲप्रनच्या आत घेतले.

“येस, सर,” ती म्हणाली. “आय ओन्ली वॉश.”

ओगल्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली, माहितीपत्रक पिशवीत टाकलं, परवा पुन्हा येतो म्हणाले आणि गेले. जाताना त्यांनी माझं कार्ड पाहिलं. “हेमंत के.? के म्हणजे?”

“कुमार,” मी म्हणालो. हेही खोटं होतं, पण ते जुनं होतं.

संध्याकाळी सहाला हॉल रिकामा झाल्यावर आम्ही दोघं आडोशात खुर्च्या टाकून बसलो. तव्याला तेलाचा हात लावता लावता ती म्हणाली, “मगदूमकाकींची सासू यायची सांगलीहून. म्हातारी लई कडक. ती आली की काकी मला सांगायच्या, रॉबिना, इचारलं तर सांग, मी निस्ती भांडी घासते. म्हातारी माझी भाकरी खायची आन् सुनंला म्हनायची, तुझा हात बसला गं आता.”

ती हसली. मीही हसलो.

“वाईट नाही वाटायचं?”

“वाटायचं की. पन काकी रडायच्या माझ्याम्होरं. म्हातारी गेली की त्या मला हळदीकुंकू लावायच्या आन् रडायच्या.” तिनं तवा पुसून कागदात गुंडाळला. “आज तुमचं त्वांड बघून मला काकींची याद आली. म्हनून मी बोलले तसं.”

तेव्हा मी तिला माझं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

आमच्या गावात आमची बौद्धांची वस्ती ओढ्यापलीकडे. मी आठ वर्षांचा असताना गावात अंगणवाडी सुरू झाली आणि आईला तिथे मदतनीस म्हणून घेतलं. पोरांची खिचडी ती शिजवायची. पहिले पंधरा दिवस ती दुपारी डोक्यावर पातेलं घेऊन घरी यायची आणि ते जवळजवळ भरलेलं असायचं. आम्ही तिघं भावंडं ओढ्यावरच तिला गाठायचो. इतकी खिचडी आम्ही जन्मात खाल्ली नव्हती. रोज पातेलं भरून येऊ दे, असं मी देवाला, म्हणजे जो कोण असेल त्याला, सांगत होतो. सोळाव्या दिवशी आई रिकाम्या हातानं आली. खिचडी शिजवायला दुसरी बाई ठेवली होती आणि आईला तांदूळ निवडायला बसवलं होतं. गावातल्या बायका आपल्या पोरांना दारातच विचारून ठेवत होत्या, खिचडी कोणाच्या हातची आहे रे? पातेलं का भरून यायचं, ते मला तेव्हा कळलं. मी किती आनंदानं खाल्लं होतं, तेही.

हे मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. रॉबिनाला सांगितलं असतं तर ती नुसती “व्हय” म्हणाली असती आणि तिला सगळं कळलं असतं. पण मी तिला रिक्षात बसवून दिलं आणि घरी जाताना मनात म्हटलं, बाई समजूतदार आहे, निभावलं.

दुसऱ्या दिवशी तर मी कमालच केली. युगांडाच्या मंडपात भाकरी मिळते हे हॉलभर झालं होतं. नाशिकचे आले, ठाण्याचे आले, एक नागपूरचे आले. सगळ्यांनी भाकरी खाल्ली आणि सगळ्यांना मी नेनेकाकू दिल्या. दुपारपर्यंत नेनेकाकूंना गुडघेदुखी होती, चार वाजेपर्यंत त्यांचा मुलगा कॅनडात होता. एकाला मी असंही सांगितलं की काकू आत्ताच घरी गेल्या, पाच मिनिटं आधी यायला हवं होतंत. गोरिलाच्या मागून तव्याचा आवाज येत होता. रॉबिनानं एकटीनं त्या दिवशी ऐंशी भाकऱ्या थापल्या. विस्तव लावायला बंदी होती, म्हणून प्रत्येक भाकरी तव्यावरच ओल्या फडक्यानं दाबून दाबून फुगवावी लागत होती. एकदा मी आत गेलो तर ती हात पाण्यात धरून उभी होती.

“चटका बसला?”

“काकूंचा हात भाजला,” ती म्हणाली. “त्यांच्या पोराला कळवा कॅनडात.”

मी हसलो, पण ती हसली नव्हती, हे मला बाहेर आल्यावर लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला ओगले आले. त्यांना बघून मी उठून उभाच राहिलो. प्रदर्शन पाचला संपणार होतं. रॉबिनाचं शेवटचं पीठ संपलं होतं आणि ती बाहेर येऊन मागचं टेबल पुसत होती. आमच्यापासून तीन-चार हातांवर.

“बसा, बसा,” ओगले म्हणाले. “मी हो म्हणायला आलेलो नाही. पण तुम्ही तीन महिने मागे लागलात, तेव्हा निदान कारण सांगावं म्हणून आलो.”

“सांगा ना साहेब.”

“आमचं सगळं गाडं महाराजांवर चालतं. सहलीबरोबर आमचा आचारी जातो. युरोप, अमेरिका, कुठेही. पण आफ्रिका म्हटलं की आमचे महाराज पाय मागे घेतात. ती पिवळ्या तापाची लस, मलेरियाच्या गोळ्या. घरचे सोडत नाहीत. मागच्या वर्षी केनियाला दोघांनी ऐन वेळी दगा दिला. बत्तीस म्हातारी माणसं आणि मी ब्रेड-जॅम वाटतोय. नको ते.”

“आम्ही इथून एखादा आचारी...”

“तेच नको म्हणतोय ना.” त्यांनी चष्मा काढला. “परवा तुमची भाकरी खाल्ली आणि मला वाटलं, सापडलं. चटणीतला शेंगदाणा आपल्याकडचा नव्हता. लहान, लालभडक, गोडसर. मी शेतकऱ्याचा नातू आहे, मला कळतं. म्हटलं, हे शेंगदाणे तिकडचे, म्हणजे करणारं माणूसही तिकडचंच असणार. लॉजवर कोणीतरी अशी भाकरी करतंय. म्हणून मी मुद्दाम विचारलं तुम्हाला, कोणाच्या हातची. तर तुमच्या त्या दादरच्या काकू निघाल्या.” ते हसले. “माझा चेहराच पडला असेल.”

पडला होता. मी तो पाहिला होता. निश्चिंत झाला म्हणून.

“हळू का विचारलंत?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“म्हणजे?”

“नाही... तुम्ही जरा हळू आवाजात विचारलंत.”

“अहो, शेजारी ते मुंबईचे शहा उभे होते. त्यांनी ऐकलं असतं तर माझ्या आधी जाऊन बसले असते युगांडात.” त्यांनी पिशवीतून डायरी काढली आणि पेनाचं टोपण उघडलं. “आता शेवटचं विचारतो. शेजारी श्रीलंकावाले थांबलेत माझ्यासाठी, त्यांना आज उत्तर द्यायचंय. तुमच्या त्या लॉजवर भाकरी करणारं कोणी आहे का? कोणीही असो, बाई असो, बुवा असो, मला फरक पडत नाही. असेल तर वर्षाच्या आठ सहली आत्ता लिहितो. माणसाचं नावही लिहितो, आमच्या माहितीपत्रकात फोटोसकट छापतो. लोक त्या नावावर येतील.”

टेबल पुसणारा हात थांबला.

मी रॉबिनाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. पाहुण्यासमोर मी सांगेन तसंच, हे मीच तिला बजावलेलं होतं आणि ती शब्दाला पक्की होती.

एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, ही भाकरी हिच्याच हातची. ते माझ्या जिभेपर्यंत आलं होतं, हे मी कोणाचीही शपथ घेऊन सांगेन. पण त्यानंतर त्यांनी विचारलं असतं, मग नेनेकाकू कोण? नेनेकाकू कोणीच नाहीत, असं सांगितलं की विचारलं असतं, मग खोटं का बोललात? आणि त्याचं खरं उत्तर द्यायचं, तर मला त्या पांढऱ्या सफारीतल्या गृहस्थाला घेऊन ओढ्यापलीकडे जावं लागलं असतं. पातेलं दाखवावं लागलं असतं. कार्डावरच्या के.चं पुढचं सगळं वाचून दाखवावं लागलं असतं. आणि मग ते म्हणाले असते, तुम्ही मला तसला माणूस समजलात? शिवाय काल दिवसभरात पंचवीस जणांना सांगितलेल्या काकू होत्या. धंद्यात माझं नाव गेलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यातून जायला किती वेळ लागला असेल? ओगल्यांनी पेनाचं टोपण मागच्या बाजूला बसवलं, तेवढाच.

“नाही,” मी म्हणालो. “तसं तिथे कोणी नाही.”

“नक्की?”

“नाही साहेब. ह्या फक्त लाँड्रीत आहेत.”

हे शेवटचं वाक्य मला कोणी विचारलेलं नव्हतं.

ओगल्यांनी डायरी बंद केली. माझ्याशी हात मिळवला, रॉबिनाकडे बघून मान झुकवली, “नाइस मीटिंग यू, मॅडम,” म्हणाले आणि श्रीलंकेच्या मंडपाकडे गेले. तिथून थोड्या वेळानं टाळ्यांचा आवाज आला.

पाचला हॉलमधले दिवे एकेक करून कमी व्हायला लागले. कामगार गोरिलाला गुंडाळायला आले. रॉबिनानं परात धुतली, फडकी धुऊन पिळली, राहिलेले शेंगदाणे एका डब्यात भरले. दोन तासांत ती माझ्याशी एक अक्षर मराठी बोलली नव्हती.

“बॅग भरून झाली?” मी विचारलं.

“येस, सर.”

“विमान साडेदहाचं आहे. मी येतो विमानतळापर्यंत.”

“नो नीड, सर. थँक यू.”

“रॉबिना, माझं चुकलं. परवा ते विचारायला लागले तेव्हा मला वाटलं...”

तिनं डब्याचं झाकण लावलं. दोनदा दाबून बघितलं. मग ती माझ्याकडे वळली.

“परवाचं सोडा, दादा,” ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, ती कोणाला तरी रस्ता समजावून सांगावा तसं बोलत होती. “परवा तुमास्नी वाटलं, ह्यो मानूस माझ्या हातचं खानार न्हाई. मलाबी तसंच वाटलं. आपन दोघंबी भ्यालो. त्याचं काय न्हाई.”

मी मान हलवली. मला वाटलं, सुटलो.

“पन आज तुमास्नी ठावं हुतं,” ती म्हणाली.

टॅक्सी आली. मी तिची बॅग उचलायला पुढे झालो तर तिनं ती आधीच उचलली होती.

ओगल्यांच्या म्हाताऱ्यांनी त्या वर्षी श्रीलंका पाहिली. मी लॉजच्या मालकाला नियमाप्रमाणे अहवाल पाठवला. इतके लोक भेटले, इतकी माहितीपत्रकं वाटली, खाद्यपदार्थांचं सर्वांनी कौतुक केलं, परंतु ऑर्डर मिळू शकली नाही. त्यात शोधूनही चूक सापडली नसती. दोन दिवसांनी मालकाचं उत्तर आलं. निकालाबद्दल त्याला खेद होता. रॉबिना सोमवारपासून लाँड्रीत पुन्हा रुजू झाली होती आणि मुंबईत आपली फार चांगली काळजी घेतल्याबद्दल तिनं मिस्टर हेमंत यांचे आभार मानायला सांगितले होते.

त्या मेलला मी उत्तर दिलं नाही.